गाठ, खबर आणि पंचनामा

4 ऑगस्ट 2022 रोजी रावेर तालुक्यातील चिनावल येथे गुरांच्या अंगावर लम्पी चर्मरोगाच्या गाठी आढळल्या. त्या वर्षीच्या साथीतली ही महाराष्ट्रातली पहिली नोंद. गुजरात-राजस्थानात तेव्हा गाई भराभर दगावत होत्या. महिनाभरात रोग इतका पसरला की 8 सप्टेंबरच्या अधिसूचनेने सगळे राज्यच ‘नियंत्रित क्षेत्र’ ठरले.

हा शब्द प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यातला आहे. तो लागू झाला की गुरांची ने-आण थांबते, बाधित जनावराच्या संपर्कातला चारा आणि अंथरूण हलवता येत नाही, बाजार, जत्रा, शर्यती बंद होतात. पण हे सगळे नंतरचे. कायद्याची सुरुवात खबरीपासून होते. रोगाची शंका आली की मालकाने गावपातळीवरच्या अधिकाऱ्याला कळवायचे, त्याने जवळच्या पशुवैद्यकाला. मग नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत जातात. एवढी मोठी यंत्रणा हलायची, तर आधी गोठ्यातल्या माणसाने तोंड उघडले पाहिजे.

त्याने ते का उघडावे? पोळा तोंडावर, पेरणीचे देणे डोक्यावर, एखादा बैल वरखेडीच्या बाजारात न्यायचे ठरलेले. खबर दिली की बाजार बंद, आणि तोही त्याच्या एकट्यापुरता नव्हे. पंचक्रोशीचे शिव्याशाप वेगळेच. गप्प राहिला तर निदान आजचा सौदा तरी होतो. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही नावे आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रोग ओळखता येत नाही, ही अडचण खेड्यात क्वचितच असते.

खान्देशाने याआधी वेगळ्या तऱ्हेची साथ पाहिली होती. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. (हा तालुका 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता.) मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात, चिनावलच्या शेजारच्या सावद्यापर्यंत आला. तिथे प्रश्न दारातल्या कोंबड्यांचा होता. बाधित परिसरातले पक्षी सरकारने मारले आणि त्यांचा मोबदला दिला. मोबदला पुरेसा होता की नाही, हा वाद बाजूला ठेवू. सरकारने नेले त्याचे सरकारने मोजले, एवढा हिशेब तरी सरळ होता.

गाईच्या बाबतीत हा मार्ग व्यवहारात बंदच. उरते ते विलगीकरण, माश्या-डास-गोचिडांचा बंदोबस्त आणि लस. लम्पीची खास लस तेव्हा बाजारात नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीवरची लस वापरली गेली. आधी बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटरांत, मग राज्यातल्या सगळ्या गोवंशाला, मोफत. 2019 च्या पशुगणनेप्रमाणे ही संख्या जवळपास 1 कोटी 40 लाख. सरकारी पशुवैद्यक पुरणार नव्हतेच. त्यातही दवाखाने दोन घरचे, काही राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचे, काही जिल्हा परिषदेचे. खासगी पशुवैद्यक आणि पशुवैद्यक महाविद्यालयांचे विद्यार्थी मदतीला घेतले, तेव्हा हे काम उरकले. हे श्रेय द्यायलाच हवे.

दगावलेल्या जनावरांसाठी मदतही जाहीर झाली: दुधाळ गाय 30,000 रुपये, ओढकामाचा बैल 25,000, वासरू 16,000. पूर येऊन किंवा वीज पडून जनावर गेले तर आपत्ती मदतीत तेव्हा हेच दर होते. म्हणजे साथीला शासनाने आपत्ती मानले. पण वीज कुणाला कळवून पडत नाही; साथीचे तसे नाही. इथे लवकर कळवण्याला किंमत आहे आणि ती कुठेच धरलेली नाही. पैसे मेल्यावर, पंचनाम्यावर. वेळेत खबर दिली, गाय वाचली, पण दूध आटले आणि बैल हंगामभर जुंपता आला नाही, अशा मालकाच्या हाती या मदतीतून काहीच येत नाही. माझ्या मते धोरणातली खरी फट ही आहे.

आता सगळा भर कानातल्या बिल्ल्यावर आहे. 12 अंकी क्रमांकाचा बिल्ला नसेल तर 1 जून 2024 पासून राज्यात जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. लसीकरणाची नोंद त्याच क्रमांकावर चढते. साक्रीकडचे ठेलारी पावसाळा संपला की मेंढरे घेऊन जिल्ह्याबाहेर पडतात. त्यांच्या वाड्यावर नोंद करायला कोणत्या दवाखान्याने जायचे, हे ठरवणे अवघड नाही. त्यांच्या वाटा वर्षानुवर्षे त्याच आहेत.