फळांचा रस आणि शरीरातील दाह

बडोदे शहरात रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस अलकापुरी ही वस्ती आहे. उन्हाळा लागला की तेथील मराठी व गुजराती घरांतून आमरसाचे बेत होतात आणि रस्त्याकडेच्या दुकानांतून मोसंबीच्या व उसाच्या रसाला मागणी येते. रसाने थंडावा मिळतो, हे खरे. परंतु सांधेदुखी, मधुमेह अथवा हृदयविकार असलेली प्रौढ माणसे ‘रसाने अंगातील सूज उतरते’ या समजुतीने रोज पेलाभर रस घेऊ लागली, तर त्या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे आवश्यक ठरते.

दाह म्हणजे काय?

जखम झाली वा जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे तो भाग लाल होतो, सुजतो व दुखतो. हा दाह शरीराचे रक्षणच करीत असतो. तथापि लठ्ठपणा, धूम्रपान, मधुमेह यांच्या जोडीने काही प्रौढांच्या शरीरात सौम्य दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. तो बाहेरून दिसत नाही. पण रक्तवाहिन्यांना अपाय करतो. अशा वेळी यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण वाढते. या प्रथिनाचा शोध १९३० मध्ये लागला. त्याची तपासणी ‘सीआरपी’ या नावाने ओळखली जाते.

रसाचे गुण व मर्यादा

संत्रे, डाळिंब इत्यादी फळांत दाह शमविण्यास साहाय्यभूत होणारी ‘पॉलिफेनॉल’ द्रव्ये असतात. प्रौढांना काही आठवडे निर्भेळ रस देऊन अनेक देशांत प्रयोग झाले. काहींत दाहदर्शक घटक थोडे घटले, काहींत फरक आढळला नाही. शिवाय हे प्रयोग बहुधा थोड्या व्यक्तींवर व अल्पकाळ झालेले आहेत. म्हणून रसाला औषध म्हणता येत नाही.

रस गाळताना चोथ्याबरोबर तंतुमय भाग टाकला जातो. वस्तुतः याच तंतूंपासून मोठ्या आतड्यातील उपकारक जंतू दाह शमविणारी आम्ले तयार करतात. साखर मात्र सर्व पेल्यात उतरते. उसाच्या २०० मिलिलिटर रसात सुमारे २६ ते ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार रसातील साखरही वरून घातलेल्या साखरेप्रमाणेच मोजावयाची असते. रोज २००० उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीने अशी साखर ५० ग्रॅमहून कमी, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी.

काय करावे?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात रोजच्या आहारात १०० ग्रॅम फळांचा समावेश केला आहे. ही फळे शक्यतो अखंड, चावून खावीत. रस घेणे झाल्यास तो ताजा, बिनसाखरेचा व लहान पेलाभरच असावा. आमरसात गर असल्याने तंतू बऱ्याच अंशी टिकतात. पण तोही वाटीभर पुरे, वरून साखर नको. मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज रोज रस घेऊ नये. रसाच्या भरवशावर चालू औषध थांबविणे तर सर्वथा धोक्याचे होय.