कार्ब्युरेटर मोठा की जुळता?

जुन्या मोटारसायकलींचे वेड अलीकडे तरुण पिढीत पुन्हा दिसू लागले आहे. घराच्या पडवीत वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली एखादी राजदूत ३५० बाहेर काढली जाते, तिला नवा रंग चढतो, आणि ती धावू लागली की मालकाच्या मनात हटकून एक विचार येतो : हिला मोठा कार्ब्युरेटर बसविला तर? 'जितका कार्ब्युरेटर मोठा तितका वेग अधिक' ही समजूत इतकी रुजलेली आहे की, तिची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटत नाही. ती येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. कारण हा प्रश्न केवळ हौसेचा वा पैशांचा नाही. या निवडीत चूक झाली तर भरधाव गाडीचे मागचे चाक क्षणार्धात जखडू शकते, आणि मग स्वाराच्या जिवाशीच गाठ पडते.

कार्ब्युरेटर करतो तरी काय, हे प्रथम पाहू. पेट्रोल नुसते जळत नाही. त्यास हवेची जोड लागते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा मिळाली म्हणजे दोन्ही पुरतेपणी उपयोगास येतात. पेट्रोल अधिक झाले तर मिश्रण दाट, हवा अधिक झाली तर ते विरळ. गॅरेजमध्ये यांनाच अनुक्रमे 'रिच' व 'लीन' म्हणतात. हे प्रमाण राखणे हे कार्ब्युरेटरचे काम, आणि ते एका साध्या निसर्गनियमावर चालते. पावसाळ्यात साकवाखाली व्हाळाचे पात्र जेथे अरुंद होते, तेथे पाणी वेगाने धावते, हे आपण नेहमी पाहतो. हवेचेही तसेच. कार्ब्युरेटरच्या नळीचा जो अरुंद भाग, त्यास आपण गळा म्हणू. तेथून हवा वेगाने जाते. आणि वाहत्या प्रवाहात जेथे वेग वाढतो तेथे दाब घटतो, हे तत्त्व डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. गळ्यातील दाब घटला की खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर चढते व तुषार होऊन हवेत मिसळते. म्हणजे पेट्रोलास वर ओढतो तो गळ्यातील हवेचा वेग. गळ्याचा मोठेपणा नव्हे.

आता थोडा हिशेब करू. यामाहा कंपनीने १९७३ साली आर. डी. ३५० ही मोटारसायकल बाजारात आणली, आणि तिच्याच धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून काही वर्षे आपल्या देशात राजदूत ३५० बनविली. जपानी गाडीचे इंजिन दोन सिलिंडरांचे, दोन स्ट्रोकचे व एकूण ३४७ घनसेंटिमीटरांचे असून, प्रत्येक सिलिंडरास २८ मिलिमीटर गळ्याचा मिकुनी कार्ब्युरेटर होता. इंजिन मिनिटास ७५०० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडर पुरता भरतो असे धरले, तर त्यास सेकंदास सुमारे २१.७ लिटर हवा लागते. २८ मिलिमीटरच्या गळ्यातून ती सरासरी ३५ मीटर वेगाने जाईल. त्या जागी ३४ मिलिमीटरचा कार्ब्युरेटर बसविला, तर गळ्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होते व हवेचा वेग २४ मीटरांवर उतरतो. दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पेट्रोलाची ओढ निम्म्याहूनही कमी होते, आणि त्याच जेटमधून येणारे पेट्रोल सुमारे दोन-तृतीयांशच उरते. हवा तितकीच, पेट्रोल मात्र कमी. गाव-रस्त्यावर जेथे फेरे २५०० च्या आसपास असतात, तेथे तर वेग आणखी तिपटीने घटलेला असतो. मूठ एकदम पिळली की गाडी उसळी घेण्याऐवजी अडखळते.

मग ३४ मिलिमीटरचे कार्ब्युरेटर कोणास शोभतात? याच कंपनीच्या टी. झेड. ३५० या शर्यतीच्या गाडीस ते होते, आणि तिच्या इंजिनाचे आकारमानही ३४७ घनसेंटिमीटरच होते. परंतु ती मिनिटास ९००० च्या वर फेरे घेऊन धावण्यासाठीच घडविलेली. तिचे पोर्ट निराळे, धुराड्याचा आकार निराळा. ज्याचा श्वास मोठा, त्यास गळाही मोठा हवा. श्वास वाढविल्यावाचून नुसता गळा वाढविणे व्यर्थ होय.

आकार ठरल्यावर जुळणीचे काम येते. थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर कार्ब्युरेटरचा वेगळा भाग राज्य करतो, हे ध्यानी ठेवले की अर्धे काम झाले. मूठ बंद असताना व पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट व हवेचा स्क्रू. तेथून पावापर्यंत स्लाइडचा कापलेला भाग. पावापासून पाऊणपर्यंत सुई. आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून मुठीवर कागदी पट्टी चिकटवून पाव, अर्धा व पाऊण अशा खुणा कराव्यात, आणि गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहावे. प्रथम वाटीतील फ्लोटची पातळी व रबरी जोडांतून हवा शिरत नाही ना, हे तपासावे. नंतर निर्मात्याने सांगितलेल्या क्रमांकाच्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या मेन जेटपासून आरंभ करून एकेक पायरी खाली यावे. त्यामागून सुई व शेवटी पायलट. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई उंचावते व मिश्रण दाट होते. क्लिप वर घेतली की उलट. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा व दोष कशाचा, हे कळत नाही.

निकाल देतो तो स्पार्क प्लग. मोकळ्या, बंदिस्त मैदानावर परवानाधारक, जाणत्या स्वाराने पूर्ण थ्रॉटलवर गाडी नेऊन एकाच वेळी क्लच ओढावा व इंजिन बंद करावे. प्लगचे तोंड बिस्किटाच्या रंगाचे तर जुळणी योग्य. काळे व काजळलेले तर मिश्रण दाट. पांढरेफटक तर विरळ. काळ्या रंगाने पेट्रोल वाया जाते, प्लग खराब होतो, धूर होतो. पांढरा रंग मात्र धोक्याची सूचना होय. विरळ मिश्रणाने पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरात जाम होतो. ज्यास गॅरेजमध्ये 'सीज होणे' म्हणतात, ते हेच. म्हणून शंका असेल तेव्हा मोठ्या जेटची चूक पत्करावी, लहान जेटची नव्हे.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागातील वाचकांनी विसरू नयेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे; तेथील हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा अंदाजे सात टक्के विरळ असते. तेथे काटेकोर जुळविलेली गाडी चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर आली की तिला हवा अधिक मिळते व मिश्रण पातळ होते. दुसरी गोष्ट पेट्रोलाची. आता आपल्याकडे २० टक्क्यांपर्यंत एथॅनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध एथॅनॉलास वजनाने नऊ भाग हवा पुरते. म्हणून पूर्वीच्या पेट्रोलासाठी ठरविलेल्या जेटवर हे इंधन विरळ पडते. जुन्या गाडीचा प्लग म्हणूनच पुन्हा एकदा काढून पाहावा.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी बहुतेकांच्या हाती परवाना येण्यास अजून काही वर्षे आहेत. तोवर हिशेबाची वही तरी हाती धरता येईल. आपल्या घरच्या गाडीच्या गळ्याचा व्यास मोजा, इंजिनाचे आकारमान व फेरे विचारून घ्या, आणि हवेचा वेग काढा. मात्र चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा दोन फेऱ्यांतून एकदाच आत येते, हे त्या हिशेबात धरा. मोठा कार्ब्युरेटर विकत घेण्यापूर्वी घरातील थोरल्या बंधूंना तो आकडा दाखविला, तर त्यांचे पैसे वाचतील, आणि कदाचित त्याहून मोलाचे असे काही.