सहाव्या हिश्शाची नऊवारी

नऊवारी म्हणजे ३२४ इंच कापड. बार्बीच्या जातीची बाहुली साडेअकरा इंचांची, म्हणजे बाईच्या साधारण सहावा हिस्सा. तेव्हा तिची नऊवारी ५४ इंच, दीड वार. हिशेब अगदी चोख, आणि तरी साफ फसणारा! दीड वार कापड तिला नेसवून बघा. कंबरेला असा बोळा जमतो की बाहुली कणगीसारखी दिसते. लांबी-रुंदीला सहाने भागता येतं, कापडाच्या जाडीला नाही. मलमलसुद्धा तिच्या अंगावर चादरीएवढं जाड पडतं.

म्हणून माझ्या बाहुल्यांच्या नऊवारीत कापड निम्मंच असतं. निऱ्या खऱ्या, पण मोजक्या. कंबरेच्या आत पोकळ कापून टाकलेल्या आणि पातळ पट्टीवर टाचलेल्या. कासोटा वेगळा शिवून मागे जोडायचा. बघणाऱ्याला लुगडं नेसल्यासारखं वाटलं म्हणजे झालं. छोटं कापड शिवणं ही मोठ्याची नक्कल नव्हे, ती सरळसरळ हातचलाखी आहे.

मी रोह्यात ब्लाऊज शिवते. पोट त्याच्यावर चालतं, बाहुल्या हा नाद. पण हात बसला तो बाहुल्यांवर नाही, गणपतींवर. माझी नणंद पेणजवळ हमरापूरला दिलेली, घरचा गणपतीचा कारखाना. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात बारा महिने मूर्तीच चालतात. पूर्वी पितांबर रंगानेच काढायचे. आता गिऱ्हाईकांना खरं धोतर, खरा शेला, खरा फेटा हवा असतो. "वहिनी, रंगारी मिळतात गं, पण चुणी घालणारा हात मिळत नाही," असं म्हणत तिने पहिली मूर्ती माझ्यापुढे ठेवली.

बाहुलीचा हात निदान वर तरी होतो. मूर्ती पाटाला धरून बसलेली असते, खालून कापड सरकत नाही. तेव्हा धोतर तीन तुकड्यांत करायचं. दोन्ही पायांचे तुकडे उरेब कापायचे, म्हणजे गुडघ्यावर सुरकुती न पडता कापड अंगासरशी वळतं. तिसरा तुकडा मधल्या निऱ्यांचा: पट्टीने आखून, एकेक चुणी इस्त्रीने दाबून, वरून टाका घालून पंख्यासारखा दोन पावलांच्या मधे सोडायचा. जोड कमरपट्ट्याखाली झाकले जातात. फेटा डोक्याच्या मापाच्या उपड्या वाटीवर बांधायचा आणि तुरा ताठ राहावा म्हणून आत बक्रम घालायचं. पावसाळ्यात खळ अजिबात द्यायची नाही, बुरशी धरते. तयार माल मी मिठाईच्या खोक्यात आडवा ठेवून दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीने नेते. निडी, नागोठणे, कासू आणि मग पेण. तेवढ्यात निऱ्या मोडल्या तर सगळी इस्त्री फुकट.

बरेच जण धोतर डिंकाने चिकटवून टाकतात. काम झटपट होतं, पण मला ते पटत नाही. धोतराचं सॅटीन म्हणजे बहुतेक वेळा पॉलिएस्टर, ते विसर्जनाच्या पाण्यात विरघळत नाही. मी मागे नाड्या ठेवते. उत्तरपूजा झाली की धोतर-शेला सोडून घ्यावा. "देवाच्या अंगावरचं काढायचं कसं?" असं कुणी विचारलं, तर मी विचारते, सोन्याची दूर्वा काढता ना?

बाहुल्यांच्या कपड्यांचं हे शास्त्र पोरखेळ समजू नका. दुसऱ्या महायुद्धामुळे फ्रान्समध्ये कापडाची टंचाई होती, तेव्हा १९४५ साली पॅरिसच्या नामांकित शिंप्यांनी तारेच्या, जेमतेम सव्वादोन फुटी बाहुल्यांवर नवी फॅशन शिवून प्रदर्शन मांडलं. बार्बी १९५९ साली बाजारात आली. तिचे सुरुवातीचे कपडे जपानमध्ये बायकांनी घरी बसून शिवले होते. आज हौशी लोक जुन्या बाहुल्या जमवतात आणि त्यांच्यासाठी पर्स, टोप्या, चपलासुद्धा करतात. आमच्याकडे बाळकृष्णाची अंगडी-टोपडी घरोघर शिवली जातातच. फक्त त्याला छंद म्हणायची पद्धत नाही.

कापडासाठी दुकानात जाऊ नये. धुऊन धुऊन विरलेलं सुती पातळ आणि जुने रुमाल यांच्यासारखं कापड नाही. बुट्टी तांदळाच्या दाण्याहून मोठी नको, नाहीतर पदरावर एकच कुयरी मावते. साडीचा काठही चालत नाही. ब्लाऊजला लावायची सर्वांत अरुंद लेस घ्यावी. लाल आणि काळं कापड आधी दोनदा धुवावं, कारण त्याचा रंग बाहुलीच्या प्लास्टिकला लागतो आणि मग घासून जात नाही.

नव्याने शिवणाऱ्या मुली चोळीवर अडतात. मोठ्या ब्लाऊजसारख्या बाजू शिवून मग बाही बसवायला गेलं, तर सुई फिरवायलाच जागा उरत नाही. चोळी सपाट असतानाच खांदे जोडायचे, बाह्या लावायच्या आणि मग बाहीपासून कंबरेपर्यंत एकच टीप मारायची. शिलाईला पाव इंचाहून जास्त कापड सोडायचं नाही. त्याचे दोरे सुटू नयेत म्हणून कडेला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं. काठ दुमडत बसण्यापेक्षा पातळ अस्तर घालून उलटवलं की कड सुबक येते. मागची उघड मात्र वरपासून खालपर्यंत पूर्ण ठेवायची आणि तिला टिचबटणं लावायची. बाहुलीचे हात ताठ असतात. मान आणि दंड एकाच वेळी आत गेले पाहिजेत.