जीपचा पुढचा एक्सल

रोहा-नागोठणे रस्त्यावर जुनी महिंद्रा जीप डुलायला लागली, की पहिला आळ येतो स्टेअरिंग बॉक्सवर, दुसरा टायरवर. मग कुणीतरी अलाइनमेंट करून घ्यायला पेणला पाठवतं. पैसे जातात आणि परतताना वडखळ यायच्या आत गाडी पुन्हा एका अंगाला ओढू लागते.

यात अलाइनमेंटवाल्याचा दोष नाही. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिजची जीप इथे आणली. पुढे सीजे-३बी, सीजे-३४०, एमएम-५४० अशा गाड्या निघाल्या, पण समोर तोच एकसंध एक्सल आणि पाटे. चाकाचा कल या एक्सलला घडवतानाच दिलेला असतो. विलिजच्या मापांत कॅम्बर दीड अंश, कॅस्टर तीन अंश. मेकॅनिकच्या हातात उरतं ते टो-इन, म्हणजे दोन्ही टायरांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक ते अडीच मिलिमीटर कमी ठेवणं. मशीनने कॅम्बर चुकलेला दाखवला, तर टाय रॉड कितीही फिरवा, उपयोग शून्य. एक तर बेअरिंगं झिजलीत, नाही तर लोखंड वाकलंय.

आणि हा मुलूख गाड्या खाणारा. खारेपाटातल्या हवेत शॅकलच्या पिना गंजतात, पावसाळ्यात महामार्गाचे खड्डे पाट्यांच्या मुळावर उठतात.

तपासायची सुरुवात जॅकने करायची नाही, हे मी ठासून सांगेन. चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन त्यांच्यावर असतानाच एकाने आत बसून स्टेअरिंग जेमतेम डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली आडवं होऊन एकेका जोडावर अंगठा ठेवायचा: ड्रॅग लिंक, बेलक्रँक, टाय रॉडचे एंड. अलीकडचा तुकडा हलला आणि पलीकडचा क्षणभर थांबून हलला, तर दुखणं तिथे. सीजे-३बीत दोन टाय रॉड मधल्या बेलक्रँकला जोडलेले असतात. त्याची पिन झिजली, की चारही एंड नवे घातले तरी जीप भरकटते. नवे एंड विकणाऱ्याचं मात्र भलं होतं.

आता जॅक. चाक वर आणि खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला, की आतल्या माणसाला म्हणायचं, ‘दादा, ब्रेक दाब.’ खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिमा असतात, त्यातली एखादी काढली की ढिलाई जाते. पण आधी टाय रॉड सोडवून चाक हाताने डावी-उजवीकडे वळवून बघावं. बरोबर सरळ स्थितीत खाचेत बसल्यासारखं अडलं, तर बेअरिंगच्या वाटीत रोलरांचे खळगे पडलेत. गाडी जास्त वेळ सरळच धावते, म्हणून खळगेही तिथेच पडतात. शिम काढून ते भरत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजार नव्हे. फोर व्हील टाकून डांबरावर वळताना स्टेअरिंगला धक्के बसतात. पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात, म्हणून बसतात. त्यासाठी काही खोलू नये.

वाकलेलं शोधायला फीत आणि खडू पुरतो. दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मापा. एका बाजूला अंतर कमी भरलं, तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल मागे सरकला असण्याची शक्यता मोठी. यू-बोल्टाजवळ गंजात घासून चकचकीत झालेली पट्टी दिसली, तर संशय उरत नाही. उचललेलं चाक फिरवताना रिमजवळ खडू धरा. फट कमी-जास्त झाली तर वाकलाय तो रिम.

खुद्द एक्सल वाकला असेल, तर गॅसने तापवून सरळ करून देणारे भेटतात. मला ते पटत नाही. तापवलेलं लोखंड पूर्वीच्या ताकदीचं राहीलच असं नाही, आणि वाकतं ते बहुधा पुन्हा तिथेच. त्यापेक्षा कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा आणावा. तोही गाडीखाली घालण्याआधी दोरी लावून बघावा, कारण आधीची जीप भंगारात का गेली हे विकणारा सांगत नाही.