वाळवंटी कासवाचे अधिवास-संवर्धन आणि निर्णय-साहाय्य प्रतिमाने

अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातील कासव १९९० मध्ये संघीय कायद्यान्वये संकटग्रस्त ठरले आणि १९९४ मध्ये त्याच्या संवर्धनाचा पहिला आराखडा तयार झाला. मात्र १० कोटी डॉलरहून अधिक खर्च होऊनही कोणता उपाय परिणामकारक ठरला हे सांगता येत नाही, असे २००२ च्या शासकीय लेखापरीक्षणात आढळले. या अडचणीचे एक मूळ कासवाच्या जीवनक्रमात आहे. ते प्रजननक्षम होण्यास साधारणतः १२ ते २० वर्षे लागतात; त्यामुळे उपाय चुकल्याचे फार उशिरा कळते.

निर्णय-साहाय्य प्रतिमानांची गरज येथे निर्माण होते. २००९ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १६ पर्यावरणीय घटकांच्या आधारे दर चौरस किलोमीटरची अनुकूलता दर्शविणारे अधिवास-प्रतिमान सिद्ध केले. अधिवास कोठे आहे हे त्यातून कळते. तेथे काय करावे हे कळत नाही. त्यासाठी २०११ च्या सुधारित आराखड्याने अवकाशीय निर्णय-साहाय्य प्रणालीचा आधार घेतला. या प्रणालीत रस्ते, वणवे, परकीय गवते, डोमकावळे इत्यादी धोक्यांचा कासवांच्या मृत्यूशी असलेला कार्यकारणसंबंध मांडला जातो आणि रस्त्यालगतचे कुंपण, वनस्पतींचे पुनरुज्जीवन अशा उपायांची स्थळनिहाय तुलना केली जाते.

यातील अनेक संबंध तज्ज्ञांच्या अनुमानांवर आधारलेले असतात. म्हणून प्रतिमानाने दिलेला क्रम हा अंतिम निर्णय नव्हे. गृहीतके उघडपणे मांडली गेल्याने क्षेत्रीय निरीक्षणांद्वारे ती तपासता व सुधारता येतात, हेच या पद्धतीचे खरे मोल होय.