आडवा पडदा – ७ : भोवऱ्याचे पैसे

जवळच्या शॉटसाठी लागणाऱ्या डायॉप्टरांबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. कोल्हापूरच्या एका वाचकानं विचारलंय, ‘कोवा १६-एच हाती लागलाय, कॅमेरा फुल फ्रेम आहे. टेकिंग लेन्स म्हणून हेलिओस घेऊ ना? जो तो तेच सांगतोय.’ जो तो तेच सांगतो, हे खरंच. पण ज्या कारणासाठी सांगतो, ते मला कधीच पटलेलं नाही. नवख्यांसाठी एवढंच: कोवा हा चित्र आडव्या दिशेला दुपटीनं दाबणारा अॅनामॉर्फिक अडॅप्टर, आणि त्याच्या मागे कॅमेऱ्यावर बसते ती टेकिंग लेन्स.

हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स. झेनिट कॅमेऱ्याबरोबर मिळणारी, मूळ आराखडा जर्मन झाइस बायोटारचा. अॅपर्चर पूर्ण उघडलं की मागची झाडंझुडपं चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात, ही तिची कीर्ती. आता हिशेब मांडू. हा भोवरा दिसतो मुख्यतः कडांना. १६:९ च्या चित्रावर दुपटीचा कोवा लावून चित्र ताणलं की ३.५५:१ अशी लांबलचक पट्टी हाती येते. ती तशी कोण ठेवणार? २.३९ वर आणताना रुंदीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग कापला जातो, आणि कापल्या जातात त्या डाव्या-उजव्या कडाच. शिवाय कोवा घडवला प्रोजेक्टरसाठी. एफ/२ ला तो दुधाळ, मऊ चित्र देतो आणि एफ/४ च्या आसपास ताळ्यावर येतो. तिथवर अॅपर्चर मिटलं की हेलिओसचा भोवराही निवलेला असतो. म्हणजे भोवऱ्यासाठी पैसे मोजायचे, अर्धा भोवरा कात्रीत घालवायचा आणि उरलेला अॅपर्चरमध्ये!

तरीही हेलिओस वाईट नाही. तिचे खरे गुण कुणी सांगत नाही, एवढंच. पुढची काच लहान, थ्रेड ४९ मिमीचा, अॅपर्चरची रिंग खटखट न वाजता सरकणारी, आणि कोटिंग जुन्या पद्धतीचं, त्यामुळे समोरून उजेड आला की चित्र छान विरघळतं.

एफ/४ वरच काम करायचं ठरलं, की एफ/१.४ च्या लेन्सवर पैसे ओतण्यातही अर्थ उरत नाही. उलट अॅपर्चरची पाती मोजावीत. सहा पात्यांची लेन्स एफ/४ ला षटकोनी ठिपके देते आणि कोवा ते ताणून आणखी विचित्र करतो. हेलिओसला आठ पाती आहेत. ज्युपिटर-९ ला पंधरा! ही ८५ मिमी, एफ/२, झाइस सोनारच्या वंशातली. मिटत नेली तरी तिचं अॅपर्चर गोलच राहतं, म्हणून ताणल्यावर मागचे दिवे नितळ लंबगोल दिसतात. माझा जीव हिच्यावर आहे, हे नियमित वाचकांना ठाऊक आहेच.

आता लेन्सच्या तोंडाकडे पाहू. अडॅप्टरची मागची काच ही एक खिडकी समजा. खिडकीपासून जितकं मागे सराल, तितकी चौकट अधिक दिसते. टेकिंग लेन्सची काच खोल विहिरीत असेल, तर तेच होतं आणि कोपरे काळे पडतात. निकॉनची ५५ मिमीची जुनी मायक्रो-निक्कोर घ्या. धारदार, निर्दोष लेन्स, पण काच इतकी आत की या कामाला जवळजवळ निरुपयोगी. काच रिंगच्या जितकी जवळ, तितकं बरं.

दुसरी परीक्षा दुकानातच करायची. फिल्टर रिंगवर खडूचा ठिपका काढा आणि फोकस फिरवा. ठिपका फिरला, तर त्या थ्रेडवर क्लॅम्पनं बसवलेला कोवाही फिरणार आणि प्रत्येक फोकसला क्षितिज कलणार. असली लेन्स घ्यायचीच असेल, तर अडॅप्टरला रॉडवर स्वतंत्र आधार द्यावा लागतो.

कोवा आणि टेकिंग लेन्स, दोन्हींचा फोकस वेगळा जुळवावा लागतो. तसे हे दोन फोकस सांभाळण्याचे हाल नवे नाहीत. १९५३ च्या ‘द रोब’ या चित्रपटाला आन्री क्रेतिएंच्या अॅनामॉर्फिक जोडकाचा साध्या लेन्ससमोर बसवल्या होत्या, तेव्हा कॅमेरा सहायकांना दोन्हींचा फोकस वेगवेगळा जुळवावा लागे. पुढे बाउश अँड लोम्बनं दोन्ही एका नळीत आणलं.

तुम्ही समोर सिंगल फोकस मॉड्यूल, म्हणजे सगळा फोकस एकाच रिंगवर आणणारी जोडकाच, लावणार असाल, तर टेकिंग लेन्स कायम इन्फिनिटीवर राहते. मग तिथली खूण खरी आहे का, ते तपासा. लेन्स कॅमेऱ्यावर बसवणारे स्वस्तातले माउंट अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात, त्यामुळे खूण गाठेपर्यंत लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे गेलेली असते. रात्री लांबच्या मोबाइल टॉवरच्या दिव्यावर फोकस जुळवा आणि जिथे तो धारदार दिसेल तिथे पांढऱ्या रंगाची स्वतःची रेघ मारा.

तर कोल्हापूरकर, तुमच्या फुल फ्रेमवर ५८ मिमी कोपरे काळे करणारच. ८५ घ्या, दुपटीमुळे आडव्या दिशेला ती सुमारे ४२ मिमीसारखीच दिसेल. ज्युपिटर-९ मिळाली, तर पात्यांवर तेल आलंय का आणि फोकसचं ग्रीस घट्ट झालंय का, एवढं पाहा. नाही मिळाली, तर निक्कोर ८५ मिमी, एफ/२. थ्रेड ५२ मिमी, म्हणजे क्लॅम्प शोधायला फिरावं लागणार नाही. आणि हेलिओस आधीच घेऊन ठेवली असेल, तर विकू नका. लहान, क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असलेला मित्र गाठा, तिथे ५८ मिमी चालून जाईल.