घाटात चाक बसले, तर?

उन्हाळी कांदा चाळीत पडला, पोरांना शाळेची सुटी लागली, की घराघरांत एकच बोलणे सुरू होते: "यंदा कुठे जायचे?" पूर्वी भीमाशंकरला जायचे म्हणजे एस.टी.ची वाट पाहावी लागे. आता चाकण, भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत मुले कामाला लागली आणि पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणात चारचाकी उभी राहिली. मग कुणी पवना धरणाच्या काठी तंबूत रात्र काढायला जातो, तर कुणी पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला डोंगरात शिरतो. लेकराबाळांनी चार दिवस मोकळी हवा खावी, यासारखे सुख नाही.

पण वाचकहो, या सुखाच्या वाटेवर एक साधी गोष्ट आपण हटकून विसरतो. ती म्हणजे गाडीचे चाक.

आपला हा पट्टा मोटारींचे माहेरघर. पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६० च्या दशकात आली. आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. चाकणला तर २०१३ पासून ब्रिजस्टोनचा टायरचा कारखानाच आहे. गल्लोगल्ली पंक्चरवाला. म्हणून आपल्याला वाटते, चाकाची कसली आली आहे काळजी? पण राजगुरुनगर सोडून वाड्याच्या रस्त्याने पुढे जा, किंवा मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गाने वर चढा. दुकाने विरळ होतात, फोनची रेघ जाते, आणि अंधार पडल्यावर मैलन् मैल दिवा दिसत नाही. तिथे चाक बसले, तर मदतीला आपण स्वतःच.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. पंक्चर हा अपघात नव्हे. पंक्चरने तासभर जातो, फार तर एक रात्र जाते. माणूस जातो तो घाईने. चुकीच्या जागी गाडी थांबवली, जॅक घसरला, अंधारात मागून गाडी आली, असे घडले की तासाभराचे काम आयुष्यभराचे दुःख होऊन बसते.

हवा हाच टायरचा जीव

हवेचा टायर व्यवहारात आणला तो एका गुरांच्या डॉक्टरने, हे ऐकून पशुपालक वाचकांना गंमत वाटेल. जॉन बॉइड डनलॉप हे त्यांचे नाव. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के कमी बसावेत म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेल्या बैलगाडीची जागा रबरी चाकांच्या गाडीने घेतली, तेव्हा लोक तिला 'डनलॉप गाडी' म्हणू लागले, ते याच नावावरून.

सांगायचा मुद्दा असा, की ओझे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते आणि उठते. त्या दबण्या-उठण्यात ती तापते, आतले धागे सुटतात आणि टायर फुटतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून काहीजण मुद्दाम हवा कमी ठेवतात. हा उपाय नव्हे, टायर फोडायचे ते आमंत्रण आहे! किती पौंड हवा हवी, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी आकडे वेगळे असतात, तेही पाहा. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

निघण्याआधी अंगणातला अर्धा तास

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. निघायच्या आदल्या दिवशी एवढे पाहा.

चारही टायरांवरून हात फिरवा. बाजूला फुगवटा किंवा चीर असेल, तर तो टायर डोंगरात नेऊ नका. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. मोटारीचा असा टायर कायद्यानेही बाद आणि ओल्या रस्त्यावर घसरणारा. खाचेत अडकलेले खडे, बाभळीचे काटे, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरचे खिळे-स्क्रू तपासा.

टायरचे वयही पाहा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी कमी फिरली तरी रबर म्हातारे होतेच. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांपुढे, नक्षी शाबूत दिसली तरी, वापरू नये.

मग स्टेपनी. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधू मोटारींसाठी जादा चाके बनवू लागले. स्टेपनी महिनोन् महिने गाडीखाली लटकून राहते आणि गरजेच्या वेळी तिच्यातच हवा नसते. निघताना तिची हवा भरून घ्या. नवी गाडी असेल तर स्टेपनी आहे की नाही, हेच आधी बघा. २०२० साली झालेल्या नियमबदलानंतर काही गाड्यांना ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र आणि पंक्चरचे सामान असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते.

जॅक आणि व्हील पाना बाहेर काढा आणि अंगणातच एकदा चाक काढून बसवा. दुकानात यंत्राने आवळलेले नट हाताने सुटत नाहीत, हे घरी कळलेले बरे. सोबत एक जाड फळी, बॅटरी, हातमोजे, चार लिटर पाणी आणि कांबळे असू द्या.

चाक बसले की काय करावे

चालत्या गाडीचा टायर फुटला, तर पहिली धाव ब्रेककडे जाते. ती आवरा. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीला आपोआप मंद होऊ द्या आणि हळूच डावीकडे घ्या. वळणावर, उतारावर किंवा दरीच्या कडेला थांबू नका. बसलेल्या चाकावर शंभर-दोनशे पावले गाडी रखडत नेली तर टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. जाऊ द्या. रिम बाजारात मिळते.

पावसाळ्यात मोकळ्या कड्याखाली किंवा माती सुटलेल्या उताराखालीही थांबू नये. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी अशाच खचलेल्या डोंगराखाली गेले, हे आपण विसरू शकत नाही.

गाडी उभी राहिली की चारही इशारा-दिवे लावा. लाल त्रिकोण किमान पन्नास पावले मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. आपल्याकडे रस्त्यात दगड मांडायची रीत आहे. मांडले असतील तर निघताना आठवणीने उचला. तेच दगड रात्री मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात. मुलाबाळांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर, एका मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवा. गाडीच्या मागे कुणीही उभे राहू नये.

जॅक लावताना

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि न बसलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट आधी, म्हणजे चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर जोर लावाल तर ती जॅकवरून घसरेल. नट डावीकडे फिरवल्यावर सुटतो. हाताने हलला नाही तर पाना आडवा धरून पायाने दाब द्या.

जॅक कुठे लावायचा, त्याची खूण गाडीच्या खालच्या कडेला असते. तिथेच लावा. माती भुसभुशीत असेल तर खाली फळी घाला. गाडी उचलण्यास सुरुवात झाली की स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक बदलताना काढलेले चाक तिच्या जागी ठेवा. जॅकवरच्या गाडीखाली हात, पाय, डोके घालायचे नाही. नट कितीही आत घरंगळला, तरी काठीने ओढा.

नवे चाक बसवताना नटाची निमुळती बाजू आत. एकाशेजारचा दुसरा नट आवळू नका, समोरासमोरचे आवळा, म्हणजे चाक सरळ बसते. गाडी खाली घेऊन पुन्हा घट्ट करा आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर थांबून परत एकदा पाहा. स्टेपनी लहान आकाराची असेल, तर तिच्यावर लिहिलेल्या वेगापुढे जायचे नाही.

दुसरेही गेले तर

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसून हवा हळू जात असेल, तर तो तिथल्या तिथे उपटू नका. खिळाच भोक बुजवून धरतो. हवा भरत भरत हळू वस्तीपर्यंत जाता येते. गाडीच्या विजेवर चालणारा छोटा पंप आणि भोकात घालायच्या चिकट दोऱ्या जवळ असल्या, तर नक्षीतले भोक आपल्याला बुजवता येते. बाजूची चीर मात्र बुजत नाही. तो टायर बदलावाच लागतो.

काहीच जमले नाही, तर रात्र गाडीतच काढा. जुन्नर, आंबेगाव, खेड हा बिबट्याचा मुलूख. अंधारात मदत शोधायला एकट्याला, विशेषतः मुलाला, पाठवू नका. काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपू नका. विषारी वायूने झोपेतच घात होतो. तंबूत शेगडी पेटवण्यातही तोच धोका आहे. रेघ मिळाली तर ११२ लावा आणि शेवटचे गाव कोणते लागले, ते सांगा. पहाट झाली की वाडीवरची माणसे मदतीला येतातच.

पिकअप आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी

आठवडाभर चाकणच्या बाजारात कांदा वाहिलेल्या पिकअपचे टायर दमलेले असतात. शिवाय मालाच्या गाडीत वा ट्रॉलीत माणसे भरून डोंगर चढणे कायद्याविरुद्ध आहे आणि जिवावर बेतणारेही. भरलेली ट्रॉली जॅकवर घेऊ नका, आधी रिकामी करा. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरात पाणी भरलेले असेल, तर त्या चाकाचे वजन दोघांनाही पेलत नाही. रिंगवाली रिम घरी टॉमी घालून कधीही उघडू नये. हवा भरताना रिंग उडाली, तर ती तोफगोळ्यासारखी लागते. ते काम पिंजरा असलेल्या दुकानातच करावे.

शेवटी एक सांगणे. चाक बदलणे हे पुरुषांचेच काम, असे समजू नका. मुलगी गाडी चालवते, सून चालवते, तर जॅक कुठे लावायचा हे त्यांनाही ठाऊक हवे. येत्या रविवारी अंगणात सगळ्यांना जमवा आणि प्रत्येकाकडून एकदा चाक काढून बसवून घ्या. बैल जुंपण्याआधी जसे आपण चाकाला वंगण आणि कण्याची खीळ पाहतो, तशीच ही नव्या गाडीची रीत. ती पाळा आणि खुशाल डोंगराला जा.